शनिवारचा शेवटचा तास, आठवी क

"महिरप आपण काढायची नसते, सर. ती आपोआप येते."

कडगावे मॅडमनी हे आदल्या दिवशीही सांगितलं होतं. तरी मी कीबोर्डवर ते दोन महिरपी कंस शोधून काढलेच. एक सुरुवातीला टाकला, एक शेवटी, आणि मधे मॅडमनी लिहून दिलेला फॉर्म्युला जसाच्या तसा. चित्रकलेच्या शिक्षकाला त्या कंसाचं अप्रूप असणारच. बाकीचे कंस म्हणजे नुसत्या वाकवलेल्या रेघा, याला जरा वळण आहे, मधोमध टोक आहे. मी ऐटीत एंटर दाबलं. फॉर्म्युला चौकोनात होता तसाच बसून राहिला. उत्तर नाही की काही नाही.

"कॉम्प्युटरला वाटलं, तुम्ही आपलं काहीतरी लिहून ठेवलंय," मॅडम म्हणाल्या.

"मग तुम्ही केलं तेव्हा कंस कुठून आले?"

"तीन बटणं एकदम दाबली की येतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर. आपण हातानं काढलेला कंस तो मानत नाही."

"फार शहाणा दिसतोय."

"आहेच की. चला, पुसा आणि परत करा."

मे महिन्याची सुट्टी होती. गडहिंग्लजच्या आमच्या शाळेत त्या दिवसांत आम्ही तिघंच असायचो, मॅडम, मी आणि शिपाई गुंडूमामा. संगणक कक्षाच्या दाराबाहेर चपला काढायच्या, पहिल्या कॉम्प्युटरवरची निळी खोळ उचलायची आणि लाइट जाईपर्यंत शिकायचं. मॅडम गणिताच्या. त्यांनी कधी कुणा पोराला हात लावला नाही, पण त्यांनी नुसतं बघितलं तरी पोरं पाढे म्हणायला लागायची. त्या वर्षी त्या डोक्याला सुती स्कार्फ बांधून यायच्या. मधेच कोल्हापूरला दवाखान्यात जायच्या, काही दिवस दिसायच्या नाहीत, आणि परत यायच्या तेव्हा आणखी थोड्या वाळलेल्या असायच्या. काय झालंय ते सगळ्या शाळेला माहीत होतं. त्या आजाराचं नाव कुणी घेत नसे, 'मॅडमची तब्येत' एवढंच म्हणत.

मला तिथं बसायचं नव्हतं. वेळापत्रक करायला शिकायचं म्हणजे मॅडम नसतानाची तयारी करायची, हे न कळण्याइतका मी लहान नव्हतो. मी शिकलोच नाही तर त्यांना जाता येणार नाही, असं काहीतरी वेडगळ माझ्या डोक्यात बसलं होतं. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुमचं डोकं तपासून घ्या एकदा." पण ती डोळे पुसत म्हणाली.

एके काळी शाळेचं वेळापत्रक म्हणजे माझं राज्य होतं. जुळवाजुळव मॅडमची, तक्ता माझा. जूनच्या आधी त्या कच्च्या कागदावर सगळं मांडून द्यायच्या आणि मी मोठ्या कार्डशीटवर चौकोन आखायचो. प्रत्येक चौकोनात तो तास घेणाऱ्या शिक्षकाची आद्याक्षरं, टाकानं, रंगीत शाईत. कुणाला कोणता रंग ते मी ठरवायचो. हसूरकर सर मुख्याध्यापक झाले त्या वर्षी त्यांना मी मुद्दाम शेवाळी रंग दिला होता. त्यांना तो आवडला, ते वेगळं. पुढे शाळेत कॉम्प्युटर आले, मॅडमनी वेळापत्रक त्यात घातलं आणि माझ्या तक्त्याच्या जागी छापलेला कागद लागला. सगळ्यांची नावं एकाच काळ्या रंगात. मी कितीतरी दिवस फुगून बसलो होतो.

एप्रिलच्या बैठकीत हसूरकर सर म्हणाले, "मॅडम, आता तब्येतीला जपा. वेळापत्रक कुणाकडं तरी सोपवा. कॉम्प्युटर शिकलेली तरुण मंडळी आहेत की आपल्याकडं."

"सुतार सरांना शिकवते," मॅडम म्हणाल्या.

सगळे हसले. मीही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. नंतर जिन्यात मी त्यांना गाठून विचारलं, "मलाच का?"

"तुमची रेघ सरळ असते," त्या म्हणाल्या आणि कठड्याला धरून खाली उतरायला लागल्या.

मला तो टोमणा वाटला. कॉम्प्युटरमधल्या रेघा काय कुणीही मारील.

तर त्यांच्या फाइलमध्ये तीन पानं होती. पहिल्यावर शिक्षकांचे क्रमांक आणि त्यांच्यासमोर नावं. दुसऱ्यावर आठवड्याचे सगळे वर्ग आणि सगळे तास, पण चौकोनात नावाऐवजी नुसते क्रमांक. तिसरं पान म्हणजे खरं वेळापत्रक. तिथला प्रत्येक चौकोन दुसऱ्या पानावरचा आपला क्रमांक बघायचा, पहिल्या पानावर जाऊन त्या क्रमांकाचं नाव आणायचा आणि दाखवायचा. इतपत मला कळलं. पुढचं कळेना. तिसऱ्या पानावर एवढे चौकोन असून फॉर्म्युला सगळ्यांचा मिळून एकच होता. कुठल्याही चौकोनावर जाऊन बघा, वर तीच ओळ, त्याच दोन महिरपींमध्ये.

"एकाच ओळीत सगळे कसे मावतात?" मी विचारलं.

"हजेरी आणि कवायत. दोन्ही वर्गाचीच की नाही?" मॅडमनी खुर्ची माझ्याकडं वळवली. वर्गात शिकवताना व्हायचा तसा त्यांचा आवाज झाला. "हजेरी घेताना एकेकाचं नाव घेतो. तो हजर म्हणतो, मग पुढचा. कवायतीला शिट्टी एकच. सगळे हात एकदम वर. साधा फॉर्म्युला म्हणजे हजेरी. एका चौकोनाला विचारा, उत्तर घ्या, दुसऱ्याला विचारा. अ‍ॅरे फॉर्म्युला म्हणजे कवायत. आधी सगळी पोरं रांगेत उभी करायची, म्हणजे सगळे चौकोन निवडायचे. मग शिट्टी एकदाच."

"आणि एखाद्यानं हात वर केलाच नाही तर?"

"इथं तसं होत नाही."

"मग ती पोरंच नव्हेत."

मॅडमना हसू आलं आणि हसताना खोकला आला. मी पाण्याची बाटली उघडून दिली. त्यांनी दोन घोट घेतले, टोपण मलाच परत लावू दिलं आणि म्हणाल्या, "सोमवारची एक उभी ओळ घ्या. तेवढ्यावरच करून बघा."

मी सोमवारची ओळ निवडली, फॉर्म्युला लिहिला आणि सवयीनं नुसतं एंटर दाबलं. पहिल्या चौकोनात नाव आलं. बाकीचे कोरे.

"एकाचीच हजेरी झाली," मॅडम म्हणाल्या. "तीन बटणं."

माझी बोटं जाड. कंट्रोल आणि शिफ्ट धरून ठेवायचे आणि त्याच वेळी एंटर मारायचं, हे मला दिवसच्या दिवस जमलं नाही. कधी एक बोट आधी सुटायचं, कधी भलतंच बटण दाबलं जायचं. एकदा मॅडमनी स्वतः ओळ भरून दाखवली आणि म्हणाल्या, "आता यातला एक चौकोन बदलून दाखवा. कुठलाही."

एका चौकोनात मी माझंच नाव टाकलं. लगेच पडद्यावर इंग्रजी पाटी आली. अ‍ॅरेचा काही भाग तेवढा बदलता येणार नाही, असं तिचं म्हणणं. ओके म्हटलं, पाटी गेली. दुसरीकडं जायला गेलो, पाटी परत आली. परत ओके, परत पाटी. मला पुढंही जाता येईना आणि मागंही येता येईना.

"एस्केप दाबा. डाव्या कोपऱ्यात, सगळ्यात वर," मॅडम म्हणाल्या. मला काही ते सापडेना. शेवटी त्यांनीच माझ्या पुढ्यातून हात घालून ते दाबलं. त्यांच्या घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात अडकवलेला होता, तरी घड्याळ हातावर फिरत होतं. पाटी गेली. माझं नावही गेलं आणि चौकोनात आधीचं नाव परत दिसायला लागलं.

"हा काय हट्टीपणा आहे?" मी म्हटलं. मला खरोखर राग आला होता. "एवढ्याशा चौकोनाचं काय घेऊन बसलाय? एकेक बदलता आला तर कुणाचं काय बिघडतं?"

"एकेक करायचं नाही, सर," मॅडम पडद्याकडं बघत म्हणाल्या. "एकेक करून बघितलंय."

नेमके तेव्हाच लाइट गेले. पंखा थांबला. गुंडूमामा दारात आला आणि म्हणाला, "मॅडम, हितं उकडंल. व्हरांड्यात खुर्ची टाकू का? वारं हाय भायेर."

मॅडम व्हरांड्यात जाऊन बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. मी पायरीवर बसलो. त्या कशाबद्दल बोलत होत्या ते मला माहीत होतं. ते काम आम्ही दोघांनीच समोरासमोर बसून केलं होतं.

मॅडमचे यजमान, शिवलिंग कडगावे सर, आमच्याच शाळेत भूगोल शिकवायचे. गोल चेहरा, खिशाला दोन पेनं, आणि नकाशा काढायचा म्हटला की मला हाक. तक्त्यावर ते 'शि.क.' आणि मॅडम 'म.क.'. सरांना मी निळी शाई द्यायचो आणि मॅडमना जांभळी. एका ऑगस्टमध्ये सर सकाळी फुलं काढायला परसात गेले आणि तिथंच बसले ते उठले नाहीत. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मूलबाळ नव्हतं.

मॅडम कामावर परत आल्या त्याच आठवड्यात सरांचे तास वाटून देण्याची वेळ आली. पोरांचा भूगोल किती दिवस थांबवणार? नवा तक्ता काढण्याइतका वेळ नव्हता. मी पांढऱ्या कार्डशीटच्या चौकोनाएवढ्या चिठ्ठ्या कापल्या, त्यांवर ज्याच्याकडं तो तास गेला त्याची आद्याक्षरं लिहिली आणि डिंकाची बाटली घेऊन सुट्ट्या तासाला शिक्षकखोलीत गेलो. तक्ता भिंतीवरून उतरवून टेबलावर पसरला. मॅडम आल्या आणि समोर बसल्या.

"मी करतो मॅडम, तुम्ही जा," मी म्हटलं.

"वेळापत्रक माझं आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही चिठ्ठ्या द्या."

मी चिठ्ठी द्यायचो. त्या डिंक लावायच्या, निळ्या 'शि.क.'वर ठेवायच्या आणि अंगठ्यानं दाबून धरायच्या. प्रत्येक चौकोनाला त्या हळू आवाजात म्हणायच्या, सोमवार, तिसरा तास, नववी अ. सोमवार, सहावा, दहावी ब. मंगळवार, पहिला. असा सबंध आठवडा. मला वाटत होतं, कुणीतरी यावं आणि हे थांबवावं. एकदोघं दारापर्यंत आले आणि आत न येताच परत गेले. शनिवारच्या शेवटच्या तासाला आठवी क राहिली आणि माझ्याकडच्या चिठ्ठ्या संपल्या. मोजण्यात माझी चूक झाली होती.

"आणतो कापून," म्हणत मी उठलो.

मॅडम त्या एका निळ्या अक्षराकडं बघत होत्या. "राहू दे," त्या म्हणाल्या. "शनिवार लांब आहे अजून."

ती चिठ्ठी कधीच लागली नाही. वर्षभर तक्त्यावर एका चौकोनात 'शि.क.' तसंच राहिलं आणि कुणी त्याबद्दल तोंड उघडलं नाही. शनिवारी सकाळची शाळा, शेवटच्या तासाला सगळ्यांना घरची ओढ. मॅडमना तो तास सुट्टा असायचा. त्या भूगोलाचं पुस्तक घेऊन आठवी क-मध्ये जायच्या. गणिताच्या मॅडम पोरांना खारे वारे आणि मतलई वारे शिकवायच्या. पुढच्या वर्षी भूगोलाला नवीन शिक्षक आले, पण शनिवारचा शेवटचा तास आठवी क हा मॅडमनी आपल्याकडंच ठेवला, गणिताचा म्हणून. मग कॉम्प्युटर आला, वर्गातली पोरं दरवर्षी बदलत गेली, तो तास तसाच राहिला.

लाइट आले तेव्हा मॅडम डोळे न उघडताच म्हणाल्या, "चला. अजून तुमची बोटं वळवायची आहेत."

सुट्टी संपत आली होती त्या सुमारास एका सकाळी मला ते जमलं. दोन बोटांनी दोन बटणं दाबून धरली, दुसऱ्या हातानं एंटर मारलं, आणि सोमवारची सगळी ओळ एकदम भरली. वर बघितलं तर फॉर्म्युल्याच्या दोन्ही बाजूंना कंस. मी काढलेले नव्हते.

"महिरप आली," मी म्हटलं.

"आली की नाही?" मॅडमनी टाळी वाजवली. त्यांनी टाळी वाजवलेली मी त्याआधी कधी बघितली नव्हती. "आता सगळा आठवडा निवडा."

सगळा आठवडा निवडला. शिट्टी एकदा. सगळी शाळा आपापल्या जागी येऊन उभी राहिली. मला इतका आनंद झाला की आपल्याला शिकायचं नव्हतं हे मी विसरूनच गेलो.

गुंडूमामा चहा ठेवून गेला. मॅडमनी कप हातात घेतला, प्यायल्या नाहीत. मग त्यांनी पहिलं पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं त्यांचं नाव होतं.

"हसूरकर सरांना मी सांगितलंय, यंदा माझं नाव वेळापत्रकात असू दे. जमेल तितके दिवस येईन. न येईन त्या दिवशी तास वाटून द्या. पण एक दिवस कायमचं बदलावं लागेल. त्या दिवशी दुसरीकडं कुठं जायचं नाही. हा एक चौकोन. इथं नवीन माणसाचं नाव घाला आणि नुसतं एंटर मारा. तिसऱ्या पानावर सगळं आपोआप होईल."

मी माझा कप बाजूला सरकवला.

"कळलं का सर?"

"मला जमणार नाही."

"आत्ता तर जमलं की."

"ते नव्हे मॅडम."

"मला कळलंय तुम्ही काय म्हणताय ते." त्यांनी कप खाली ठेवला. "बाकीच्यांना हे दोन दिवसांत आलं असतं. पण त्यांनी चिठ्ठ्या कापलेल्या नाहीत. तुम्ही समोर होता. म्हणून तुम्हालाच सांगते. एकेक करत गेलं की एक चौकोन उरतो, सर. मग तो उरतोच. दर शनिवारी मी त्या वर्गात जाते आणि वाटतं, आज नको होतं यायला. आणि गेल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या मागं तसलं काही नको. एकदम होऊन जाऊ दे."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मॅडमनी पदरानं स्वतःचा चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "चहा गार व्हायलाय."

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मॅडम येत राहिल्या. आधी आठवड्यातले बरेच दिवस, मग थोडे. खुर्चीत बसून शिकवायच्या आणि फळ्यावर लिहायला एखाद्या मुलीला उभं करायच्या. त्या नसल्या की मी फाइल उघडून कोण मोकळं आहे ते बघायचो आणि तास वाटून द्यायचो. शनिवार मात्र त्या सहसा चुकवायच्या नाहीत. सहामाही परीक्षेच्या आधीच्या शनिवारी त्यांना रिक्षातून उतरवायला गुंडूमामा आणि मी गेलो. जिना चढताना त्या मधेच थांबल्या. गुंडूमामा म्हणाला, "मॅडम, येका तासासाठी कशापायी वो येवढी वडाताण?" मॅडम म्हणाल्या, "मामा, घंटा वेळेवर द्या म्हणजे झालं." आणि आम्ही पुढं चढलो.

दिवाळीच्या सुट्टीत मॅडम गेल्या.

सुट्टी संपून शाळा भरली त्या दिवशी प्रार्थनेनंतर शोकसभा झाली. मग हसूरकर सर माझ्याजवळ आले. त्यांना बोलायला जड जात होतं. "सुतार सर, ते वेळापत्रक," एवढंच म्हणाले. मॅडमच्या जागी तासिका तत्त्वावर शिंत्रे नावाचा मुलगा घेतला होता. नुकताच बी.एड. होऊन आलेला, चांगला वाटला.

मी संगणक कक्षात गेलो. चपला काढल्या, खोळ उचलली, फाइल उघडली. पहिल्या पानावर तो चौकोन होता. मॅडमचं नाव होतं. दार लोटून घेतलं. मग नाव पुसलं, शिंत्रे लिहिलं आणि एंटर दाबलं. तिसरं पान उघडलं.

सगळं होऊन गेलं होतं. सोमवार ते शनिवार, जिथं जिथं मॅडम होत्या तिथं तिथं शिंत्रे. एवढ्या वर्षांच्या मॅडम, आणि त्यांना जाताना मी बघितलंसुद्धा नाही. कुठला चौकोन आधी गेला, कुठला शेवटी, काही नाही. मॅडमनी मला त्रास होऊ नये म्हणून हे केलं होतं, हे मला ठाऊक होतं. पण मला तो त्रास हवा होता. टेबलावर तक्ता पसरून, डिंकानं बोटं चिकट करून घेत, सोमवार, मंगळवार म्हणत बसायचं होतं मला. माझ्या वाट्याला एक बटण आलं. मला मॅडमचाच राग आला. मेलेल्या माणसाचा असा राग मला आयुष्यात दुसऱ्यांदा कधी आला नाही.

शनिवारच्या शेवटच्या तासाच्या चौकोनावर गेलो, आठवी क. तिथं 'म.क.' लिहिलं. निदान एक तरी राहू दे म्हटलं. पाटी आली. ओके म्हटलं, परत आली. मी वेड्यासारखा पुनःपुन्हा लिहीत होतो आणि ते पुनःपुन्हा नाही म्हणत होतं. शेवटी डाव्या कोपऱ्यात, सगळ्यात वरचं एस्केप दाबलं. या वेळी ते लगेच सापडलं. माझी अक्षरं गेली आणि तिथं शिंत्रे उभा राहिला.

कागद छापला, हसूरकर सरांची सही घेतली आणि शिक्षकखोलीत लावला. सगळ्यांनी बघितला.

त्या शनिवारी शेवटच्या तासाची घंटा झाली तेव्हा शिंत्रे गणिताचं पुस्तक घेऊन उठला. मी दारात त्याला अडवलं.

"हा तास मी घेतो."

"सर, आठवी क-ला गणित आहे," तो बिचारा गोंधळून म्हणाला. "कागदावर माझंच नाव आहे."

"असू दे. तुम्ही घरी जा. तुमची गाडी लवकर असते ना?"

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पुस्तक ठेवून दिलं.

मला बघून पोरांनी चित्रकलेच्या वह्या काढल्या. मी म्हटलं, आत ठेवा. मग गणिताच्या वह्या काढल्या. त्याही आत ठेवायला सांगितल्या. मॅडमची खुर्ची फळ्याशेजारी होती तशीच होती. मी तिच्यावर बसलो नाही. टेबलावरचा हजेरीपट उघडला. हजेरी सकाळीच झालेली असते, हे पोरांना माहीत होतं.

"अजित," मी म्हटलं.

"हजर, सर."

थांबलो. त्याच्याकडं नीट बघितलं. मग पुढचं नाव घेतलं.

"अनसूया."

"हजर, सर."

असं एकेक नाव, सावकाश. कुणी हसलं नाही, कुणी मागं बोललं नाही. शेवटचं नाव झालं तरी घंटा झाली नव्हती. मी पान मागं उलटलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.